इजाजतीचा कागद

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एप्रिल महिना, दहावीच्या पेपर तपासणीचे दिवस. रात्री दहाच्या सुमारास अमेरिकेहून फोन आला. माझा जुना विद्यार्थी. आमच्याच उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकला, पुढे मराठी माध्यमात गेला, इंजिनिअर झाला आणि घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर एम.एस. करायला गेला. सलाम-दुआ झाली आणि तो मुद्द्यावर आला.

"सर, उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी एका छोट्या कंपनीनं बोलावलंय. कॉलेजकडून परवानगीचा कागद यायला दोन-तीन आठवडे लागतील. कंपनीवाले म्हणतात, तोवर पगाराविना येऊन बस, काम समजून घे. जाऊ का?"

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "पगार घेणार नाहीस ना? मग कसली भीती? तू शिकायलाच गेलायस. जा, बिनधास्त जा."

हा सल्ला मी पंचवीस वर्षांच्या मास्तरकीच्या रुबाबात दिला. तो चुकीचा होता, आणि थोडाथोडका चुकीचा नव्हता.

मुलगा वाचला तो त्याच्या अब्बांमुळे. ते सातवी पास. दम्माममध्ये एकोणीस वर्षं क्रेन चालवून आता गावी स्थायिक झालेत. मुलानं त्यांनाही फोन केला होता. त्यांनी एवढंच सांगितलं, "कागद हातात येईपर्यंत गेटाच्या आत पाय टाकायचा नाही. फुकट काम म्हणजे काम नाही, असं तुला कोण म्हणालं?" मुलानं माझं नाव घेतलं नाही, ही त्याची अदब. पण दुसऱ्या दिवशी फजरनंतर मशिदीच्या पायरीवर ते मला भेटले आणि मीच कबूल केलं, "भाई, तो मीच." ते हसले. म्हणाले, "सर, तुम्ही गल्फला गेला नाहीत ना, म्हणून. हा तर आपला अकामाच. ज्या कफीलच्या नावानं कागद, त्याच्याच दारात काम. दुसऱ्याच्या दारात नुसता झाडू मारताना सापडलात तरी गुन्हा."

त्या मुलानं कागद येईपर्यंत थांबायचं ठरवलं. कंपनीनं वाट पाहिली नाही, दुसरा मुलगा घेतला. याला महिनाभरानं दुसरीकडे कमी पैशात काम मिळालं, पण त्याचा व्हिसा शाबूत राहिला. त्या रात्रीपासून मला एक प्रश्न छळू लागला. शिकायला गेलेल्या पोरानं काम करायचं की नाही, हे ठरवणारा हा कागद आला कुठून? शिकणारा आणि राबणारा यांच्यामध्ये ही रेघ कोणी ओढली? मी भाषेचा शिक्षक, कायद्याचा नव्हे. पण दोन वर्षं जमेल तसं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो. माझ्यासारखा सल्ला देणारे मास्तर आणि मामू-चाचा गावोगाव आहेत, म्हणून.

रेघ ओढली गेली ती मजुरांना अडवण्यासाठी

अमेरिकेत विद्यार्थी नावाचा वेगळा परदेशी माणूस कागदावर जन्मला तो 1882 साली, तोही चिनी माणसाला हाकलण्याच्या कायद्यातून. रेल्वेचे रूळ टाकायला आणि खाणी खोदायला चिनी मजूर आणले गेले होते. पुढे तेच नकोसे झाले, तेव्हा त्या वर्षी चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. त्यात व्यापारी, शिक्षक, प्रवासी आणि विद्यार्थी यांना सूट होती. म्हणजे दारावरचा पहिला प्रश्न 'तू कोण?' असा नव्हता, 'तू हातानं काम करणार का?' असा होता. हातानं काम करणारा असशील तर परत जा. पुस्तक हातात असेल तर दाखला दाखव आणि आत ये.

1917 च्या कायद्यानं हीच भिंत आपल्यापर्यंत आणली. आशियाचा एक मोठा पट्टा बंद क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि हिंदुस्थान त्यात आला. विद्यार्थ्यांची सूट मात्र कायम राहिली. मागोमाग 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. हे थिंड आले होते शिकायला, आणि लाकडाच्या गिरण्यांत राबलेही होते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा होता.

त्या काळचे आपले विद्यार्थी पाहिले तर ही रेघ किती खोटी होती ते कळतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. मजुरी करत शिकले, तिथल्या पंजाबी कामगारांत मिसळले आणि गदर चळवळीच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक झाले. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअरिंग शिकायला गेले, गदरमध्ये सामील झाले आणि 1915 च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेले. कर्तारसिंगही शिकायलाच गेले होते. जयप्रकाश नारायण 1922 ते 1929 अमेरिकेत होते. त्यांनी द्राक्षमळ्यात काम केलं, भांडी घासली, कारखान्यात राबले आणि त्या पैशावर विद्यापीठाची फी भरली. ते समाजशास्त्र पुस्तकात शिकले की मळ्यात, हे सांगणं कठीण आहे.

याच काळात आपल्या महाराष्ट्राचा सर्वांत मोठा विद्यार्थी न्यूयॉर्कला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षं चाकरी करण्याचा करार. त्यांना द्राक्षं तोडावी लागली नाहीत, पण दोरी होतीच. लंडनचा अभ्यास अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली त्यांना परत यावं लागलं. शिकणाऱ्याला इजाजत कोणाची ना कोणाची लागतेच. ती कधी दरबाराची असते, कधी सावकाराची, कधी सरकारची.

'केवळ' या एका शब्दाची शंभर वर्षं

1924 साली अमेरिकेनं देशवार कोटे घालणारा कायदा केला. त्यात विद्यार्थी कोट्याबाहेर ठेवले, पण तीन अटी घातल्या. वय किमान पंधरा असावं. शिक्षणसंस्था सरकारनं मान्य केलेली असावी. आणि तो केवळ शिकण्याच्या हेतूनं आलेला असावा. आणखी एक कलम होतं, ज्याकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. विद्यार्थ्यानं शिक्षण सोडलं की शाळेनं सरकारला कळवायचं. मास्तराला पहारेकऱ्याचं काम दिलं गेलं ते तेव्हापासून.

तो 'केवळ' शब्द नीट पाहा. आम्ही वर्गात क्रियाविशेषणं शिकवतो तेव्हा मुलांना वाटतं, हे शब्द वाक्यात असले काय नि नसले काय. पण या एका 'केवळ'वर पुढची शंभर वर्षं कज्जे झाले. केवळ शिकायला आलास, तर सुट्टीत हॉटेलात भांडी का घासतोस? आणि भांडी घासली नाहीस, तर फी कशी भरणार?

महामंदी आली तेव्हा या प्रश्नाचं उत्तर कडक झालं. 1932 साली अमेरिकेचे मजूर मंत्री विल्यम डोक यांनी परदेशी विद्यार्थ्यांनी मजुरी करत शिकण्याला मनाई केली. देशात लाखो बेकार असताना कामाची जागा परदेशी पोरानं अडवू नये, हा त्यामागचा हिशेब. विद्यापीठांनी ओरड केली. कारण त्या काळी कमवा आणि शिका हा अमेरिकेचाच अभिमानाचा मंत्र होता. तो आपल्या मुलाला लावला की कष्टाळूपणा आणि परक्याच्या मुलाला लावला की घुसखोरी. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच मंत्रावर रयत शिक्षण संस्था उभी केली, हे इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरं महायुद्ध संपलं आणि वारं बदललं. जगभरच्या तरुणांनी अमेरिकेत यावं, शिकावं आणि अमेरिकेची चांगली आठवण घेऊन परत जावं, असं सरकारलाही वाटू लागलं. 1947 साली, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्याच वर्षी, तिथल्या नियमांत एक छोटी तरतूद आली. शाळेनं आवश्यक मानलं किंवा शिफारस केली तर परदेशी विद्यार्थ्याला प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी सहा महिने काम करू द्यावं, आणि ही मुदत आणखी दोनदा सहा-सहा महिन्यांनी वाढवता यावी. एकूण दीड वर्ष. आज लाखो मुलं ज्या कागदावर जगतात त्याचं मूळ इथं आहे.

यातली युक्ती लक्षात घ्या. सरकारनं 'केवळ' हा शब्द काढला नाही. 'शिकणं' या शब्दाचा अर्थ मोठा केला. काम करणं हेही शिकणंच, असं ठरवलं. 1952 च्या कायद्यात आज आपण ज्याला एफ-वन व्हिसा म्हणतो तो वर्ग पक्का झाला. तिथंही 'केवळ' कायम राहिला आणि जोडीला आणखी एक अट आली, की मायदेशातलं घर सोडण्याचा इरादा नसावा. म्हणजे परत जायची नियत. आता नियत कुठल्या कागदावर तपासतात? पण व्हिसाच्या खिडकीवर दोन मिनिटांत तीच तपासली जाते.

सीपीटी, ओपीटी आणि अब्बांचा अकामा

सध्याच्या नियमांची चौकट 1992 सालची आहे. तिच्यात दोन दारं आहेत आणि आपली मुलं या दोन दारांतच गोंधळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिलं दार सीपीटी. शिक्षण चालू असताना, अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून केलेलं काम. यासाठी सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सुरुवातीपासूनच काम सक्तीचं असतं, त्यांना यातून सूट आहे. परवानगी देतो तो कॉलेजमधला नेमलेला अधिकारी, आणि ती आय-ट्वेंटी नावाच्या कागदावर नोंदवली जाते. तिच्यात कंपनीचं नाव असतं, सुरुवातीची तारीख असते, शेवटची तारीख असते, पूर्णवेळ की अर्धवेळ तेही असतं. त्या कंपनीत, त्या तारखांच्या आत, तेवढंच काम. अब्बा म्हणाले तो अकामा तो हाच. बारा महिने पूर्णवेळ सीपीटी केली तर त्या पातळीवरचं दुसरं दार बंद होतं, हेही अनेकांना उशिरा कळतं.

दुसरं दार ओपीटी. बहुतेक मुलं ही शिक्षण संपल्यावर वापरतात. मुदत बारा महिने, विषयाशी संबंधित काम, आणि परवानगी कॉलेजची नव्हे तर इमिग्रेशन खात्याची. हातात एक कार्ड येतं. अर्ज पदवी संपण्याआधी नव्वद दिवसांपासून संपल्यानंतर साठ दिवसांपर्यंत करता येतो. कार्ड एका कंपनीला बांधलेलं नसतं, त्यामुळे इथं कफील नाही. पण एकूण नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहिलात तर दर्जाच जातो. गल्फमध्ये कफील हाकलतो, इथं कॅलेंडर हाकलतं.

आणि माझा सल्ला नेमका चुकला कुठं? मला वाटलं होतं, पगार नाही म्हणजे नोकरी नाही. पण कंपनीत बसून तिच्या उपयोगाचं काम करणं हे पगाराविनाही नोकरीत धरलं जाऊ शकतं. एखाद्या सेवाभावी संस्थेत, जिथं कोणालाच पगार नसतो, तिथं स्वयंसेवा करणं वेगळं. म्हणूनच कॉलेजं पगाराविनाच्या इंटर्नशिपलाही आधी कागद घ्यायला सांगतात. परवानगीविना काम केल्याचं उघड झालं तर दर्जा जातो, आणि तो गेला की पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. त्या पोराच्या बाबतीत प्रश्न दोन आठवड्यांचा नव्हता, तारण ठेवलेल्या घराचा होता.

2008 साली विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकलेल्यांना ओपीटीवर आणखी सतरा महिने मिळू लागले. हा नियम लोकांची मतं न मागवता घाईनं आणला म्हणून 2015 मध्ये एका न्यायालयानं रद्द ठरवला. मग रीतसर मतं मागवून 2016 साली नवा नियम आला आणि सतराचे चोवीस महिने झाले. त्याबरोबर अटीही आल्या. कंपनीनं लेखी प्रशिक्षण योजना द्यायची, सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेलं असायचं आणि इतर कामगारांच्या तोडीचा पगार द्यायचा. तरीही तिथल्या तंत्रज्ञान कामगारांची एक संघटना कोर्टात गेलीच. तिचा मुद्दा तोच, 1924 सालचा. विद्यार्थी व्हिसा केवळ विद्यार्थ्यासाठी, पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी कसला? 2022 मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा मतांनी नियम कायम ठेवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की शिकायला येणं ही आत येण्याची अट आहे, आत आल्यावर किती काळ आणि कोणत्या शर्तींवर राहायचं ते ठरवायचा अधिकार सरकारला आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते प्रकरण ऐकायला नकार दिला.

मला तो निकाल वाचून सुटल्यासारखं वाटलं, पण पूर्ण नाही. कारण निकालाची दुसरी बाजू अशी की ज्या सरकारला हे द्यायचा अधिकार आहे, त्यालाच हे काढून घ्यायचाही आहे. ओपीटी हे नाव कायद्यात कुठंही नाही, ते नियमांत आहे. नियम बदलायला संसद लागत नाही. ब्रिटननं हे करून दाखवलंय. शिक्षणानंतर काम करण्याचा तिथला मार्ग 2012 साली बंद झाला आणि 2021 साली दुसऱ्या नावानं पुन्हा उघडला. मधल्या नऊ वर्षांत ज्यांची उमेद होती, त्यांना कोण काय भरून देणार?

पहारा

मुस्लीम वाचकांना या इतिहासाचं एक पान विसरता येणार नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्लेखोरांपैकी एक जण विद्यार्थी व्हिसावर आला होता. पुढच्या मार्चमध्ये तर भलतंच घडलं. हल्ल्यात मेलेल्या दोघांचे विद्यार्थी दर्जाचे मंजुरीचे कागद इमिग्रेशन खात्याकडून सहा महिन्यांनी त्यांच्या विमानशाळेत पोचले. खात्याची शोभा झाली आणि मग सगळा कारभार संगणकावर आला. 2003 पासून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस नावाच्या यंत्रणेत आहे. पत्ता बदलला, विषय बदलला, काम धरलं, काम सुटलं, सगळं तिथं. 1924 मध्ये मास्तराला दिलेलं पहारेकऱ्याचं काम आता संगणक करतो.

त्याच काळात 25 देशांतून आलेल्या पुरुषांना, सोळा वर्षांवरच्या मुलांसकट, वेगळी नोंदणी करायला लावली गेली. उत्तर कोरिया वगळला तर ते देश बहुतेक सगळे मुस्लीमबहुल होते. पाकिस्तान आणि बांगलादेश त्यात होते, भारत नव्हता. 80 हजारांहून जास्त माणसं स्वतःच्या पायांनी हजर झाली, बोटांचे ठसे दिले. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त लोकांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली, बहुतेकदा कागदातल्या चुकांवरून. दहशतवादासाठी दोषी त्यातून कोणी सापडला नाही. 2011 मध्ये ही नोंदणी थांबली आणि 2016 च्या डिसेंबरात नियमच काढून टाकला. यातून घ्यायचा धडा कडवटपणाचा नाही. ज्याच्या नावाकडे दोनदा पाहिलं जातं, त्याचा कागद चारदा तपासलेला असावा, एवढाच.

पण फसवणारे केवळ सरकारी खिडकीत बसतात असं नाही. 2011 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली नावाच्या विद्यापीठावर छापा पडला. तिथं शिकवणं नावापुरतं होतं, कागद मात्र भराभर निघत होते. विद्यार्थी बहुतेक भारतीय. काहींच्या घोट्याला ठावठिकाणा सांगणारी पट्टी बांधली गेली आणि त्यावरून आपल्या देशात संताप उसळला. ते विद्यापीठ चालवणाऱ्या बाईंना पुढं सोळा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. 2019 मध्ये त्याहून विचित्र प्रकार बाहेर आला. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ सरकारनंच उभारलेलं सोंग होतं. ना वर्ग, ना शिक्षक. सुमारे 600 जणांनी नाव घातलं, बहुतेक भारतीय. फी भरली आणि पहिल्या दिवसापासून सीपीटी मिळेल या आशेवर काम धरलं. मग अटकसत्र.

या मुलांना सरसकट निर्दोष म्हणणं मला जमत नाही. जिथं वर्गच भरत नाही तिथं आपण काय शिकतोय, हे चोविशीतल्या पदवीधराला कळायला हवं. पण सापळा लावून फी घेणाऱ्या सरकारचं समर्थनही जमत नाही. आणि मधले दलाल? ते दोन्हीकडून खातात. आपल्या किनारपट्टीवर 'फ्री व्हिसा' या नावानं गल्फचा कागद विकणारे दलाल ज्यांनी पाहिलेत, त्यांना 'पहिल्या दिवसापासून काम' ही जाहिरात नव्यानं समजावून सांगायला नको.

शब्दाचा अर्थ

आता माझ्या विषयाकडे येतो. उर्दूत आपण परवानगीला इजाजत म्हणतो. हा शब्द मूळ अरबी. जुन्या मदरशांच्या जगात 'इजाजा' म्हणजे उस्तादानं शागिर्दाला दिलेली सनद. हा ग्रंथ तू माझ्यापाशी शिकलास, आता तू तो दुसऱ्यांना शिकवू शकतोस, अशी. म्हणजे शिक्षण पुरं झाल्याचा दाखला आणि काम करायची परवानगी हा एकच कागद होता, आणि तो उस्तादाच्या हातचा होता. शिकलास, म्हणून कर.

आजच्या व्यवस्थेत हे दोन कागद फुटले. पदवी विद्यापीठ देतं, कामाची इजाजत सरकार देतं, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत आपली पोरं उभी असतात. किती? 2023-24 या वर्षात अमेरिकेत 3 लाख 31 हजार 602 भारतीय विद्यार्थी होते, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यांतले 97 हजार 556 ओपीटीवर होते. जवळजवळ तिघांत एक.

फट नव्हती तेव्हा काय होत असे, त्याचं माझं आवडतं उदाहरण डॉ. झाकीर हुसेन यांचं. जामिया मिल्लियाचे हे शिल्पकार, पुढं देशाचे राष्ट्रपती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते बर्लिनमध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होते. तिथं कावियानी नावाचा छापखाना होता. त्यांनी तिथं खिळे जुळवायला शिकून घेतलं आणि 1925 मध्ये गालिबच्या दीवानाची एक देखणी, खिशात मावणारी आवृत्ती छापून घेतली. प्रबंध अर्थशास्त्राचा आणि हाताला शाई गालिबची! आज कोणी जर्मनीत असं करायला गेला तर त्याला आधी दिवस मोजावे लागतील. तिथं युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यात धरत नाहीत, ऐच्छिक मात्र धरतात. 2024 च्या मार्चपर्यंत हाच आकडा 120 होता. दिवस मोजू नका असं मी म्हणत नाही. देशाला आपल्या कामगारांची काळजी असणार, आणि फुकटात राबायला तयार परदेशी पोरगा हा तिथल्या गरीब पोराच्या पोटावर पाय असू शकतो, हेही खरं. पण हाताचं काम आणि डोक्याचं शिक्षण या दोन जाती आहेत हा 1882 सालचा समज मात्र आपण तरी डोक्यातून काढला पाहिजे. तो समज आपल्याकडेही काही कमी जुना नाही.

माझ्यातही तो होताच की. नाहीतर एकोणीस वर्षं परक्या मुलखात कागद सांभाळून राबलेल्या माणसापेक्षा या बाबतीत आपल्याला जास्त कळतं, असं बी.एड. झालेल्या मास्तराला का वाटलं असतं?

त्या मुलाचं शिक्षण आता पुरं झालंय. ओपीटीचं कार्ड आलंय, नोकरी लागलीय, कर्जाचे हप्ते सुरू झालेत. गेल्या रमजानमध्ये त्याच्या घरी इफ्तारला गेलो होतो. अब्बांनी कपाटातून प्लास्टिकची जुनी फाईल काढली. तिच्यात त्यांच्या सगळ्या अकाम्यांच्या झेरॉक्स होत्या, तारखेनुसार लावलेल्या. 2013 मध्ये निताकतच्या धरपकडीत ज्या कागदानं त्यांना वाचवलं तोही होता. शेवटच्या कप्प्यात मुलाच्या आय-ट्वेंटीची प्रत होती, आणि कार्ड संपायच्या तारखेखाली लाल पेनानं दोन रेघा मारलेल्या.

दर जूनमध्ये आम्ही शाळेत माजी विद्यार्थ्यांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम घेतो. पाहुणे म्हणून डॉक्टर, वकील, प्राध्यापक येतात. यंदा मी मुख्याध्यापकांना एक नाव सुचवलंय. ते क्रेनवाले आहेत, फाईल घेऊन येणार आहेत. मी श्रोत्यांत बसणार आहे.